गाडीचा डावा हात आता आपणहून उठतो

वन्सं, बसले एकदाची मी पुढच्या सीटवर. तुमच्या जागेवर. काल रेवदंड्याहून घरी येताना ह्यांच्या शेजारी, समोर काच, मांडीवर पोर नाही, पायाशी पिशव्या नाहीत. ज्या जागेसाठी इतकी वर्षं माझा जीव जळला ती जागा कशी आहे सांगू? गादीतली एक स्प्रिंग मधल्या वर्षांत केव्हातरी वर आली आहे आणि ती नेमकी मांडीला टोचते. तुम्ही कधी बोलला नाहीत. मी आपली समजत होते, तिथं काय मऊ मऊ अंथरलंय कोण जाणे.

तुम्ही गेलात त्याला अजून महिनाही झाला नाही. माणसं येतात, ओट्यावर बसतात, आक्का किती चांगल्या होत्या म्हणतात, आणि मी आत जाऊन चहा ठेवते. तुमच्याबद्दल चांगलं ऐकायचा मला कंटाळा आलाय, खरं सांगते. तुम्ही होतात तेव्हाही हेच ऐकत होते. आक्कांच्या हातचं कालवण, आक्कांचं शिवण, आक्कांचा स्वभाव. माझ्या स्वभावाबद्दल कुणी काही बोलत नाही, त्यावरून काय समजायचं ते मी समजते. रडून झालंय माझं. कुणाला दाखवायला नाही, मोरीत बसून रडले. पण तुमचं-माझं जे भांडण अर्धं राहिलंय ते काही रडून मिटत नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते.

परवा कोर्टासमोर मुंबईची एक नवी गाडी उभी होती. वळायचं झालं की तिचे दिवे नुसते लुकलुकतात. हे बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, त्यात जाम व्हायला काहीच नाही. आपल्या गाडीचं तसं नाही. ती लढाईच्या आधीची विलायती, काळी, ह्यांनी भाड्यानं चालवायला मुंबईच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतलेली. तिला लुकलुकणारे दिवे नाहीत, हात आहेत. पुढच्या आणि मागच्या दरवाजाच्या मधल्या खांबात, दोन्ही बाजूंना, वीतभर लांब एकेक पट्टी लपवलेली. स्टिअरिंगवरचं बटण डावीकडे फिरवलं की डाव्या खांबातून पट्टी उचलली जाते, आडवी बाहेर येते, आतला दिवा लागतो आणि मागच्याला कळतं की गाडी डावीकडे वळणार. वळण झालं की हात पडतो आणि खांबात जाऊन बसतो. उजवा हात अगदी शहाणा, बटण फिरवायचा अवकाश की हजर. डावा मात्र अडून बसायचा. त्या डाव्या हातावरून तुमचं-माझं जे वाकडं झालं ते शेवटपर्यंत.

गाडी आली त्या दिवशी पुढे मीच बसले होते, हे तुम्हांला आठवतं का? मला आठवतं. टपावर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. ह्यांनी नारळ फोडला, मी नवी साडी नेसून गाडीला ओवाळलं, हळदकुंकू वाहिलं. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होतात. तिथं तुम्हांला कुणी उभं केलं नव्हतं. ऐन पंचविशीत कपाळ पुसून माहेरी परत आल्यापासून कुठल्याही चांगल्या कामात तुम्ही आपणच जाऊन आडोशाला उभ्या राहायच्यात. मी लग्न होऊन आले तेव्हाही तुम्हांला पहिल्यांदा दाराआडच पाहिलं होतं.

मग गाडी घेऊन चौलच्या दत्ताला गेलो. मी पुढे, तुम्ही पोरांना घेऊन मागे. परत येताना आपल्या गल्लीचं डावं वळण आलं, ह्यांनी बटण फिरवलं आणि हात काही बाहेर येईना. दोनतीनदा खटखट केलं, तरी नाही. मी नुसती बघत बसले, मला काय कळतंय त्यातलं. आणि तुम्ही मागच्या सीटवरून खांबावर एक ठोका दिलात. टक करून हात बाहेर. हे इतके हसले, वन्सं, तसं हसताना मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. म्हणाले, "आक्का, उद्यापासून तू पुढं बस. मला तुझं काम लागणार हाय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून माझी रवानगी मागे. तुम्ही आधी नको नको म्हणालात, विधवेनं गाडीत पुढं बसून चालत नाही, लोक काय म्हणतील. हे म्हणाले, लोक काही म्हणत नाहीत, हात उठवायला माणूस नको का? मग तुम्ही पदर खांद्यावरून घट्ट घेऊन, कामावर निघाल्यासारख्या, जाऊन बसलात. बसलात त्या बसलातच.

आता मला सांगा, ठोका तर तुम्ही मागून दिला होतात ना? खांब दोन दरवाजांच्या मध्ये. पुढच्याच्या खांद्यामागे तो, तसाच मागच्याच्या गुडघ्यासमोरही तोच. मागे बसूनही हात पोचतो. मी हे ह्यांना एकदा नाही, दहादा बोलून दाखवलं. म्हणाले, पुढून ठोका नीट बसतो. बरं, मग भाडं असतं, आक्का नसतात, तेव्हा काय करता? तेव्हा म्हणे शेजारच्या उतारूला त्याचाच हात खिडकीबाहेर काढायला सांगतो. मग मला सांगा की! मला देवानं हात दिले नाहीत? उत्तर नसलं की हे फडकं घेऊन काच पुसायला लागतात. त्या वर्षी काच फार स्वच्छ होती.

आणखी एक. वर्षातून एकदा गाडी पासिंगला जायची, साहेब गाडीभोवती फिरून सगळं तपासायचा. त्या दिवशी दोन्ही हात असे उठायचे की बघत राहावं. पासिंग करून गाडी घरी आली की आठवड्याभरात डावा पुन्हा रुसलेला. मी म्हणायचे, ह्याला साहेबाचा धाक आहे, आमचा नाही. तुम्ही गालातल्या गालात हसायच्यात. त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही व्हायची.

ह्यांच्या आवडीनिवडी तुम्हांला माझ्याआधी ठाऊक. जिताड्याचं डोकं कुणाच्या ताटात, कालवणात कोकम किती, सदरा कुठं काचतो. मी शिकून शिकून किती शिकणार? माझं माहेर माणगावचं, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. माशाला हात लावायला तुम्हीच शिकवलंत मला, हेही खरं. पण शिकवणारीबद्दल माणसाला प्रेमच वाटतं असं कुणी सांगितलं? आणि दर आठवड्याला तुम्ही शिवलेली झबली-टोपडी रेवदंड्याच्या दुकानात द्यायला तुम्ही दोघं जायचात, पुढच्या सीटवर, एकमेकांशेजारी. मी विचारायचे, वाटेत काय बोलता एवढं? तुम्ही म्हणायच्यात, काही नाही, रस्ता बघतो. मला ते खोटं वाटायचं. दोन माणसं नुसता रस्ता बघून इतकी खूश होऊन घरी येतात होय?

मग ते रेवदंड्याचं लग्न. तो दिवस तुम्ही विसरला नसणार. मी केसांत अबोलीचा गजरा माळला होता, हातभर बांगड्या भरल्या होत्या. जाताना मागे बसले, मुकाट्यानं. लग्नात कुणीतरी बाई मला म्हणाली, अगं, तुम्ही त्यांची बायको होय, आम्हांला वाटलं पुढे बसल्या होत्या त्याच घरच्या. त्यानंतर माझं जेवणात लक्ष नव्हतं. परत निघताना तुम्ही पुढचा दरवाजा उघडत होतात आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "वन्सं, सवाष्ण मी आहे. पुढचा मान माझा."

तुम्ही दरवाज्यावरचा हात काढलात आणि मागे जाऊन बसलात. आक्षीपर्यंत गाडीत पोरांशिवाय कुणाचा आवाज नव्हता.

आपल्या गल्लीचं वळण आलं. ह्यांनी बटण फिरवलं. हात आला नाही. मी ठोकलं. आला नाही. मूठ आवळून पुन्हा ठोकलं, पुन्हा, बांगड्या पिचल्या, बोटांच्या पेरांची साल निघाली. आणि ह्यांनी वळवलीच नाही गाडी! सरळ पुढे. आपलं दार समोरून गेलं, वन्सं, ओट्यावर वाळत घातलेली सुकट दिसत होती, आणि आपण पुढे. म्हटलं, अहो, घर गेलं. तर म्हणाले, हात उठल्याबिगर मी वळत न्हाय. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक बैलगाडी होती, तीही समोरून येणारी. पण हे हट्टाला पेटले की पेटले. गेलो ते थेट समुद्रावर, रस्ताच संपला तेव्हा थांबलो. पोरं आनंदानं वाळूत पळाली. मी पुढे बसून रडत होते, हे समोर बघत होते. तेवढ्यात तुम्ही मागून हात लांबवलात आणि खांबावर एक ठोका दिलात, अगदी हलका. हात उठला. ह्यांनी गाडी वळवली आणि आपण घरी आलो. मागून ठोका बसतो हे त्या दिवशी तिघांनीही पाहिलं आणि तिघांपैकी कुणीही तोंडातून काढलं नाही.

संध्याकाळी तुम्ही खोबरेल आणि हळद घेऊन माझ्याजवळ बसलात आणि माझ्या पेरांना लावत राहिलात. मला त्याचाही राग आला. भांडायचं सोडून माणसानं हळद लावायला घेतली की भांडणाऱ्यानं जायचं कुठं?

तेव्हाच मी ठरवलं की हा डावा हात दुरुस्त करायचा. हात नीट झाला की तुमचं पुढचं काम संपलं. ह्यांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून मीच मनावर घेतलं. एका दुपारी हे जेवून आडवे झाले होते, पोरं शाळेत. मी गाडीचे चारही दरवाजे उघडले आणि विचार करायला लागले. मला गाडीतलं काय कळतं? पण चूल पेटत नसली की आपण काय करतो? लाकूड ओलं का, राख साठली का, वारा कुठून येतो, एकेक बघतो. तसंच केलं. उजवा हात उठतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे. दोन्हींचा फ्यूज एकच, म्हणजे तोही ठीक. बटण डावीकडे फिरवताना कान डाव्या खांबाकडे लावला. आतून बारीक टक ऐकू आलं. म्हणजे वीज पोचतेय, आतलं चुंबक ओढतंय, पट्टीच उचलली जात नाहीये. अडलंय ते बिजागरीत. नखानं पट्टी अलगद उचलली आणि आत बोट घातलं. बोट काळं होऊन बाहेर आलं. ग्रीस. चाकाला लावतात ते जाड ग्रीस, वर रस्त्याची धूळ बसून त्याचा चिखल झालेला. मग उजव्या खांबात बोट घातलं. तिथं ग्रीसचा पत्ता नाही.

कोंबडीचं पीस रॉकेलमध्ये बुडवून मी ती बिजागरी धुवायला लागले. तेवढ्यात तुम्ही दारात. मला वाटलं आता बोलणार. तुम्ही आत गेलात आणि तुमच्या शिवणाच्या मशीनची तेलाची कुपी घेऊन आलात. म्हणालात, थेंबभरच सोड, जास्त झालं तर धूळ धरेल. म्हणजे तुम्हांला सगळं ठाऊक होतं. मशीनवर जन्म गेला तुमचा, कुठं पातळ तेल लागतं आणि कुठं जाड ग्रीसनं अडतं हे तुम्हांला नाही कळणार तर कुणाला? मी विचारलं, मग इतके दिवस तुम्हीच का नाही केलंत? तुम्ही म्हणालात, मला कुठं घाई होती.

पुढच्या वेळी गाडी निघाली तेव्हा तुम्ही न सांगता मागे बसलात. मी पुढे. वळणावर हात झपकन उठला. मी जिंकले होते. ह्यांचा चेहरा मात्र असा पडला, जसं काही गाडीचं इंजिनच गेलं. मला वाटलं, बहीण मागे बसली म्हणून. तेही खरंच होतं, पण अर्धंच.

आणि दिवाळीच्या आत हात पुन्हा जाम. पुन्हा तेच काळं ग्रीस. मी पुन्हा धुतलं. पुन्हा जाम. डाव्यालाच, दर वेळी डाव्यालाच. खाऱ्या वाऱ्याला डावं-उजवं कळतं होय? मला कळायचं ते कळलं. एकदा तुम्ही मशीनवर बसला होतात तेव्हा समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, वन्सं, पुढे बसायला मिळावं म्हणून ग्रीस तुम्ही लावता. तुम्ही मशीन थांबवलंत. "माझं न्हाय ते काम, सुमे," म्हणालात आणि हसलात. नुसतं नाही म्हणाला असतात तर कदाचित मी विश्वास ठेवला असता. हसलात म्हणून माझी खात्रीच पटली.

तेव्हापासून मी पीस आणि रॉकेल सोडून दिलं. तुम्ही पुढे, मी मागे, हात जाम, वळणावर हे तुमच्याकडे वळून बघणार, तुम्ही ठोका देणार. प्रत्येक वळणावर, वन्सं, ते एकदा तुमच्याकडे बघायचे. मी मागून ते मोजत नव्हते म्हटलं तर खोटं होईल. माझ्याकडे बघायला त्यांना मान पुरी मागे वळवावी लागली असती, आणि गाडी चालवताना तसं करू नये म्हणतात.

मग तुमचं दुखणं. तुमचं सगळं मीच केलं, ते सांगायला नको. पेज भरवली, कूस बदलली, केस विंचरले. तुमचे केस इतके मऊ होते हे मला तोवर माहीत नव्हतं. ते करताना माझ्या मनात तुमच्याबद्दल काही वाईट नव्हतं, आणि हे बोलतानाही त्याचं मला नवल वाटतंय. एका सकाळी तुम्हांला जरा बरं वाटत होतं. खिडकीतून गाडी दिसत होती. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "तो हात आता साफ करून टाक. जाम ठेवायचं कारण उरलं न्हाय. आणि न्हाय करावासा वाटला, तर ठोका शिकून घे." आणि माझा हात खाटेच्या पायावर आपटून दाखवायला लागलात. मूठ नाही, तळवा. जोर नाही, झटका. मी हात सोडवून घेतला. मला वाटलं, आता कबूल करताय होय? जाता जाता? मी पेजेची वाटी उचलली आणि आत गेले. त्यानंतर तुम्ही त्याबद्दल बोलला नाहीत, आणि मग बोलायला राहिला नाहीत.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. हे मागच्या दारी हात धूत होते आणि मी म्हटलं, एक सांगू का, आक्कांनी जाण्याआधी कबूल केलं मला, ते ग्रीस त्याच लावायच्या. ह्यांनी हात धुवायचे थांबवले. पाणी तसंच सांडत राहिलं.

"ती न्हाय," म्हणाले. "मी."

वन्सं, मी खाली बसले. हे उभ्या उभ्याच बोलत होते, माझ्याकडे न बघता. म्हणाले, गाडी आली त्या दिवशी आक्का दाराआड उभी होती ते मला बघवलं नाही. नुसतं पुढं बस म्हटलं असतं तर जन्मात बसली नसती. हात खरोखर अडला, तिनं ठोकला, तेव्हा सुचलं की कामासाठी बस म्हटलं तर बसेल, आणि कामासाठी बसलेल्या बाईला कुणी अपशकुन म्हणत नाही. पुढं हात आपोआपच मोकळा झाला, तशी ती मुकाट मागं जाऊन बसायला लागली. म्हणून ग्रीस. संपलं की पुन्हा ग्रीस. पासिंगच्या आधी मीच पुसायचो. मी पिसानं धुतलं की तेही ह्यांना कळायचं, चार दिवस जाऊ द्यायचे आणि पुन्हा.

मी विचारलं, आक्कांना माहीत होतं? म्हणाले, माहीत असणारच, पण आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मग मी विचारलं, आणि मी? तुम्ही दोघं पुढं, मग मी कोण होते? हे म्हणाले, "तू बायको हायस. तुझी जागा कुठं जाते?"

कुठं जाते! मागच्या सीटवर जाते. पोरं मांडीवर आणि पिशव्या पायाशी घेऊन जाते. पण मी हे बोलले नाही. कारण ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही तुमच्याचसाठी होतं.

तेव्हापासून मी विचार करतेय. मला वाटत होतं तुम्ही माझी जागा चोरली. तसं असतं तर बरं झालं असतं, चोराशी भांडता येतं. तुम्ही काही चोरलं नाहीत. एक माणूस तुमच्यासाठी स्वतःच्या गाडीचा हात वर्षानुवर्षं बिघडवत राहिला, आणि तुम्ही ते ओळखून वर्षानुवर्षं ठोकत राहिलात, म्हणजे त्याचं मन मोडायला नको. आणि मी तोंडावर आळ घातला तेव्हाही त्याचं नाव सांगितलं नाहीत. हसलात. इतकं कुणी माझ्यासाठी केलेलं नाही, वन्सं. मला साड्या आणल्या, बांगड्या भरल्या, पोरांच्या वेळी डॉक्टर आणला. सगळं नीट, सगळं चालू. माझ्यासाठी कुणी काही बिघडवून ठेवलं नाही. आधी मला तुमच्या सीटचा मत्सर होता, आता त्या ग्रीसचा वाटतो. पहिला परवडला.

तुम्ही कापून ठेवलेली झबली मी शिवून पुरी केली. टाके वाकडे आलेत, दुकानदार आक्कांची नाहीत का ही, म्हणाला, तेही ऐकून घेतलं. काल ती द्यायलाच आम्ही रेवदंड्याला गेलो होतो. ह्यांनी स्वतः पुढचा दरवाजा उघडला. परतताना आक्षीपासूनच मी तळवा उघडून, खांबाशी हात नेऊन तयार बसले होते. गल्ली आली. ह्यांनी बटण फिरवलं आणि हात लगेच उठला, दिवा लागला, सगळं कसं नव्यासारखं. ह्यांनी सगळं साफ केलंय. गाडी वळली, घरी आली. वळणावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघायचं काही कारणच नव्हतं.

आज सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा मी गाडीपाशी गेले. तुमची तेलाची कुपी मशीनच्या खणात आहे, ती तिथंच राहू दिली. मी चाकाच्या ग्रीसचा डबा उघडला. बोटभर काढलं, डाव्या खांबातली पट्टी नखानं उचलली आणि बिजागरीला चांगलं चोपडलं. तुमच्यासाठी ह्यांनी केलं. माझ्यासाठी मलाच करावं लागलं.

हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले आणि माझ्या काळ्या बोटाकडे बघत उभे राहिले. मी बोट लपवलं नाही. मग म्हणाले, संध्याकाळी रेवदंड्याला एक फेरी हाय, येतेस काय?

येते म्हटलं. वळणावर आज ह्यांना माझ्याकडे बघावंच लागेल, वन्सं. ठोका बसेल की नाही सांगता येत नाही, तुम्ही दाखवत होतात तेव्हा मी हात सोडवून घेतला होता. नाही बसला तर घर मागे टाकून जाऊ पुढे समुद्रापर्यंत, आम्ही दोघंच.